चार तारांवर आलेला आळ

मित्रांनो, गाणे चालू असताना सगळ्या आवाजांच्या खाली जो एक दबका, गुरगुरता आवाज असतो ना, तो माझा. मी चार जाड तारांची बेस गिटार. वय झाले आहे, रंग उडाला आहे, डाव्या कडेचा एक टवका निघाला आहे. आणि दुसऱ्या कुणी कुजबुजून सांगण्याआधी मीच सांगून टाकते, मी स्वस्तातली आहे. ही गोष्ट मी कधी लपवली नाही. तरी माझ्याबद्दल बोलताना लोकांचा आवाज खाली का जातो, हे मला बरीच वर्षे कळत नव्हते. त्यामुळे मी फार संशयी झाले होते. कुणी हसले की वाटायचे, मलाच हसले.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. हलक्या लाकडाच्या फळ्या चिकटवून माझे धड कापले गेले आणि त्यावर गडद लाल रंगाचे तीन हात चढले. तारांखाली जे लोहचुंबक बसवतात, त्यांच्याभोवती एक बाई केसासारखी बारीक तार गुंडाळत होती. तिने माझ्याकडे मान वर करून पाहिले नाही, पण तिचा हात एकदाही चुकला नाही. शेजारच्या रांगेतून माझ्याच मापाच्या गिटारी पुढे सरकत होत्या. त्यांच्या फळ्याही त्याच ढिगातून उचललेल्या मी पाहिल्या. त्यांच्या माथ्यावर मात्र वेगळे नाव छापले गेले आणि त्यांना मऊ अस्तराची पेटी मिळाली. मला पुठ्ठ्याचा खोका. तिथेच माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

दुकानात मला जिन्याखालच्या खुंटीवर टांगले. गिऱ्हाईक आले की दुकानदार मला काढून हातात द्यायचा आणि म्हणायचा, "सुरुवातीला चालेल." मी विचारात पडायची. सुरुवातीला चालेल, मग पुढे काय? गिऱ्हाईक मला हातात घ्यायचे, माथ्यावरचे नाव वाचायचे आणि परत खुंटीवर अडकवायचे. एकानेही तार छेडून पाहिली नाही. असे पाच-सहा महिने गेले.

मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत एक बाई आल्या. त्यांच्या ॲप्रनवर पांढरी पूड होती. त्या चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचे काम करत. काचा घासायचे यंत्र दिवसभर एकाच खर्जाच्या सुरात घुमत असते, आणि त्या सुराच्या वर-खाली गुणगुणत राहायची त्यांना सवय लागली होती. त्यांनी नाव वाचले नाही. सगळ्यात जाड तार अंगठ्याने ओढली, माझ्या पोटावर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "हाच तो आवाज. द्या ही."

त्यांना सगळे ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते.

घरी ताईंचे यजमान शाळेच्या बसचे ड्रायव्हर. त्यांनी मला पाहिले, उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "अगं, हिला कपाटामागे नको ठेवूस, त्या भिंतीला ओल आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी बसमधला एक जुना सीटबेल्ट आणला आणि त्याचा मला गळ्यात अडकवायचा पट्टा करून दिला. इतका भक्कम पट्टा कुठल्याही दुकानात मिळाला नसता. तरी मला शंका आली. नवा पट्टा का नाही आणला? मीही जुन्यावरच भागवण्यासारखी वाटले का?

ताई रोज संध्याकाळी बसत. बोटांना फोड आले, फोडांचे घट्टे झाले. जवळ एक लहानसा अँप होता. अँप म्हणजे आवाज मोठा करणारा खोका. त्यातून माझा आवाज स्वच्छ येई. हे लक्षात ठेवा मित्रांनो, घरी मी कधीच घरघरले नाही.

एकदा ताईंच्या दुकानात एक गृहस्थ चष्मा करायला आले. इमारतींचे नकाशे काढणे हा त्यांचा धंदा. सगळे त्यांना साहेब म्हणत. ताईंचे गुणगुणणे ऐकून त्यांनी विचारले, "तुम्ही गाता का?" ताई लाजून म्हणाल्या, "गात नाही, बेस वाजवते थोडीफार." साहेब खूश झाले. त्यांच्या घरी दर रविवारी दुपारी गाण्याची तालीम व्हायची. साहेब स्वतः गिटारवर, ड्रमवर दातांचे एक डॉक्टर, आणि गायला साहेबांची सतरा वर्षांची लेक. बेस वाजवणारे कुणी नव्हते.

पहिल्या रविवारी ताईंनी मला साहेबांच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत नेले. भिंतीवर काचेच्या कपाटात सात गिटारी होत्या आणि प्रत्येकीवर वेगळा दिवा होता. ताईंनी पिशवीची चेन उघडली. साहेब वाकले, त्यांनी माझ्या माथ्यावरचे नाव वाचले आणि म्हणाले, "अच्छा. ही का? बरं."

डॉक्टर म्हणाले, "शिकायला ठीक असते."

बस्, एवढेच. पण घरी आल्यावर ताईंना जेवण गेले नाही.

"अहो, 'अच्छा' म्हणजे काय असतं हो?" त्यांनी विचारले.

"अच्छा म्हणजे अच्छा," यजमान म्हणाले.

"तसं नाही म्हणाले ते. ते 'अच्छाऽ' असं म्हणाले."

"अगं, तू वाजवलंस कसं? ते बोल ना."

"त्याबद्दल कुणी काही म्हणालंच नाही."

त्या रात्री जेवणे उरकल्यावर ताईंनी काळी चिकटपट्टी आणली आणि माझ्या माथ्यावरच्या नावावर चिकटवली. मला वाईट वाटले. ज्या बाईने मला घेताना नाव वाचलेही नव्हते, तिनेच आता ते झाकले. त्या दिवसापासून मी ताईंवरही नजर ठेवू लागले. त्या फोनवर काही बघत बसल्या की मला वाटे, माझ्या जागी दुसरी शोधताहेत. आणि ताई साहेबांवर नजर ठेवून होत्या. साहेब डॉक्टरांच्या कानाशी लागले की ताईंचा ठेका चुकायचा. अशा आम्ही दोघी एकमेकींवर आणि साऱ्या जगावर संशय घेत वाजवत होतो.

त्या खोलीत मला एकच आधार होता, साहेबांची लेक. विश्रांतीत ती मला गळ्यात घालायची. "मावशी, हे कसं वाजवलंत? परत दाखवा ना," ताईंना म्हणायची. तिची बोटे लांब होती आणि कान पक्का होता. पुढे दोन-एक महिन्यांनी कधीकधी ती माईकसमोर उभी राहून मला वाजवत हलकेच गायची आणि मध्येच थांबून ओठ पुसायची. मी ते पाहिले होते. त्याचा अर्थ मात्र मला लागला नाही.

महिनाभराने साहेब म्हणाले, "ताई, तुमच्या त्या डब्यातून आवाज दबतोय. माझा दुसरा अँप वापरा. परदेशातून आणलाय. निदान आवाज तरी जरा खानदानी येईल." त्यांनी कपाटाशेजारचा जाडजूड काळा अँप चालू केला आणि माझी वायर त्यात खुपसली. आणि काय सांगू! वाजवायच्या आधीच माझ्यातून 'घूंऽऽऽ' असा आवाज निघू लागला. ताईंनी तारांवर हात ठेवला की तो थोडा कमी व्हायचा, हात काढला की पुन्हा 'घूंऽऽऽ'.

"स्वस्ताबरोबर घरघर फुकट मिळते!" साहेब म्हणाले. डॉक्टर हसले. ताईही हसल्या, पण ते हसू त्यांच्या डोळ्यांपर्यंत पोचले नाही.

मला त्या काळ्या अँपची शंका आली होती. मी त्या घरघरीतून ओरडूनच सांगत होते म्हणा ना. पण ऐकणाऱ्याने आधीच ठरवले असेल की खोट कुणात आहे, तर ओरडून काय उपयोग?

गावच्या सभागृहात कार्यक्रम ठरला. तीन आठवडे राहिले असताना साहेब म्हणाले, "ताई, या गाण्यात मागून तुम्हीही सूर द्या." ताई माईकजवळ गेल्या. डावा हात माझ्या तारांवर होता. त्यांनी तोंड पुढे केले, ओठ माईकच्या जाळीला लागले, आणि त्या किंचाळून मागे फेकल्या गेल्यासारख्या सरकल्या. माझा पट्टा कडेच्या खुंटीवरून निसटला. मी धाडकन फरशीवर पडले. हा कडेचा टवका त्या दिवशीचा.

"काय झालं? काय झालं?" डॉक्टर ड्रममागून धावत आले.

"शॉक..." ताईंचे ओठ पांढरे पडले होते.

साहेबांनी पाणी आणले, खुर्ची दिली. माणूस वाईट नव्हता. पण ताईंना जरा बरे वाटताच ते म्हणाले, "मला हीच भीती होती. असल्या वस्तूंमध्ये आतलं वायरिंग कसं केलेलं असतं, देव जाणे. ताई, पुढच्या रविवारपासून ही आणू नका. माझ्या कपाटातली बेस वाजवा. आणि बाळा, तूही या गिटारला हात लावायचा नाहीस."

लेक माझ्याकडे बघत होती.

घरी ताईंनी मला कोपऱ्यात उभे केले आणि चार दिवस हात लावला नाही. जाता-येता त्या लांबून बघत, चावरे कुत्रे आपल्याच दारात बांधलेले असावे तसे. मित्रांनो, खरे सांगते, त्या चार दिवसांत माझा माझ्यावरचाही विश्वास उडाला. वाटले, असेलही. माझ्या पोटात काही वाकडे असेलही. कारखान्यातल्या त्या बाईचा हात एकदा तरी चुकला असेल.

पाचव्या दिवशी ताईंनी मला जुन्या चादरीत गुंडाळले. मी ओळखले, आता विकायला नेताहेत. पण रिक्षा थांबली ती पंखेवाल्या काकूंच्या दुकानासमोर. काकू सत्तरीच्या. पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करत. त्यांच्या चष्म्याची दांडी ताईंनीच तीनदा जोडून दिली होती. दुकानात पोट उघडे टाकलेले मिक्सर रांगेने बसले होते आणि भिंतीवर पंख्यांची पाती लटकत होती. मला वाटले, हा आपला कसाईखाना.

काकूंनी चादर काढली आणि माझ्या माथ्यावर बोट ठेवले. "हे काय गं? हिच्या डोक्याला लागलंय का?"

"नाव झाकलंय," ताई पुटपुटल्या.

काकूंनी चिकटपट्टी टर्रकन ओढून काढली, नाव वाचले आणि म्हणाल्या, "यात झाकण्यासारखं काय आहे? मला तर नीट वाचताही येत नाही." मग त्यांनी माझ्या पोटावरचे वायरिंगचे झाकण उघडले, बॅटरीचा उजेड पाडला, वास घेतला, वायर जोडलेला एकेक टाका सुईने हलवून पाहिला. बराच वेळ गेला. मी आरोपीसारखी पडून होते.

"टाके स्वच्छ आहेत," काकू म्हणाल्या. "हिच्यात सेल आहे का कुठे? नाही. मग ही झटका कुठून देणार? रिकाम्या घागरीतून पाणी सांडतं का कधी? लावली कशाला होतीस हिला?"

"साहेबांच्या अँपला. पण काकू, तो परदेशातला आहे. फार भारी."

"भारी असू दे. त्याच्या वायरीच्या टोकाला पिना किती?"

ताईंना आठवेना.

"बघितल्यासुद्धा नाहीस!" काकूंनी चष्मा कपाळावर चढवला. "गिऱ्हाईक चष्म्याच्या दांडीवरचं नाव वाचून फ्रेम घेतं आणि नंबर चुकवून बसतं, म्हणून तू माझ्याकडे येऊन हसतेस. आणि स्वतः काय केलंस?"

मग त्यांनी समजावून सांगितले. अँपच्या लोखंडी अंगात कधीकधी वीज उतरते. तिला जमिनीत जायला तिसऱ्या पिनेची, अर्थिंगची वाट ठेवलेली असते. ती वाट बंद असेल तर वीज वायरीतून गिटारच्या तारांत येऊन थांबते. माणसाचा एक हात तारेवर आणि ओठ माईकवर टेकला की तिला माणसातूनच वाट मिळते. "आज मुंग्या येतील, उद्या माणूस जाईल," काकू म्हणाल्या. त्यांनी ड्रॉवरमधून एक टेस्टर काढून ताईंच्या हातात दिला. "हे टोक तारेला लाव, मागे बोट टेकव. यातला दिवा लागला तर वीज आहे. चप्पल घालून, कोरड्या हाताने कर. आणि दिवा लागला की आधी भिंतीवरचं बटण बंद."

मी निर्दोष होते! पण ताईंचा चेहरा उतरलेलाच. घरी त्या यजमानांना म्हणाल्या, "कसं सांगू? ते म्हणतील, स्वतःचं झाकायला माझ्यावर ढकलते. पुढच्या रविवारपासून येऊ नका म्हणतील."

"म्हणू देत की."

"कार्यक्रमाला दोन आठवडे राहिलेत. गेल्या रविवारी निघताना त्यांची लेक म्हणत होती, एक गाणं ती स्वतः बेस वाजवत गाणार आहे. बाबांची बेस घेऊन, त्याच अँपवर..." बोलता बोलता ताई थांबल्या.

यजमानांनी हातातला पेपर खाली ठेवला. "मग सांगायचं की नाही हा प्रश्नच कुठे उरतो?"

रविवारी आम्ही निघालो तेव्हा बस उशिरा आली, वाटेत अडकली, आणि पोचेपर्यंत तालीम सुरू व्हायच्या बेतात होती. ताई मला घेऊन जिना चढल्या. दारातूनच त्यांना दिसले, साहेबांची लेक कपाटातली ती चकचकीत बेस गळ्यात घालून माईककडे चालली होती. काळ्या अँपचा दिवा लाल पेटला होता.

"थांब! माईकला हात लावू नकोस!" ताई ओरडल्या.

साहेब वळले. त्यांची नजर माझ्यावर गेली. "ताई, मी सांगितलं होतं ना, ही आणू नका म्हणून."

ताई चप्पल घालूनच आत गेल्या. त्यांनी टेस्टरचे टोक त्या महागड्या गिटारच्या तारेला लावले. टेस्टरमधला इवलासा दिवा नारिंगी पेटला.

"तो टेस्टर बिघडलेला असेल," साहेब म्हणाले.

ताईंनी तेच टोक दाराच्या कडीला लावले. दिवा विझला. पुन्हा तारेला लावले. पेटला. मग त्यांनी भिंतीवरचे बटण बंद केले आणि म्हणाल्या, "साहेब, माझी गिटार तर अजून पिशवीत आहे."

डॉक्टर गुडघे टेकून कपाटामागे शिरले आणि अँपची वायर ओढून बाहेर आले. तिच्या टोकाला एक छोटा पांढरा जोड होता. "याला दोनच पिना आहेत," ते म्हणाले. "तिसरी कुठंय?"

साहेबांनी तो जोड हातात घेतला. "त्याची मूळ पिन आपल्या बोर्डात बसत नव्हती," ते सावकाश म्हणाले. "म्हणून मीच हा लावला. चार वर्षं झाली."

तेवढ्यात लेक बोलली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "बाबा, मलाही दोन-तीनदा ओठांना मुंग्या आल्या होत्या. मावशींची गिटार घेऊन गात होते तेव्हा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, गिटारच तशी आहे. तू म्हणायचास ना सारखा. मी सांगितलं असतं तर तू मावशींना काढून टाकलं असतंस."

साहेब खाली बसले. खुर्चीवर नव्हे, तिथेच फरशीवर. त्यांनी लेकीचा हात धरला आणि सोडलाच नाही. त्या दिवशी तालीम झाली नाही.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, साहेबांनी माफी मागितली असेल. तसे काही झाले नाही. पुढच्या रविवारी खोलीत नवा बोर्ड होता, सगळ्या अँपना तीन पिनांच्या नव्या वायरी होत्या, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढले नाही. फक्त ताईंनी आपला छोटा अँप पिशवीतून काढायला घेतला, तेव्हा साहेब म्हणाले, "ताई, काळा लावा. आता हरकत नाही." ताईंनी वाकून आधी पिना मोजल्या. साहेबांनी ते पाहिले आणि मान खाली घातली. मला जोडले. घरघर नाही, काही नाही.

कार्यक्रमाला सभागृह भरले होते. मी सगळी गाणी वाजवली. एक गाणे साहेबांच्या लेकीने वाजवले, तेही माझ्यावरच. तिनेच हट्ट धरला. कार्यक्रमानंतर लोकांनी गायिकेचे कौतुक केले, ड्रमचे केले, साहेबांच्या गिटारीचे नाव विचारले. माझ्याबद्दल कुणी चांगले बोलले नाही की वाईट बोलले नाही. मला ते फार आवडले.

यापुढचे मी लपवणार नाही. दोन वर्षांनी ताईंनी दुसरी बेस घेतली. तारा ताणायच्या माझ्या खुंट्या खरोखरच सैल पडत होत्या आणि ताईंचा हात आता माझ्यापुढे गेला होता. आधी मला वाटले, शेवटी व्हायचे तेच झाले. पण माझी पाठवणी करताना ताईंनी माझ्या तारा बदलल्या, खुंट्यांचे स्क्रू चष्म्याच्या पेचकसाने आवळले आणि मला स्वतः नेऊन साहेबांच्या लेकीच्या हातात दिले. ती शिकायला दुसऱ्या गावी निघाली होती. आता मी तिच्या वसतिगृहात राहते. खोलीत शिरणारी एखादी मैत्रीण माझ्या माथ्यावरचे नाव वाचते, तेव्हा मी अजूनही अंग चोरते. जुनी खोड आहे, जाता जात नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे वाद्य असेल तर वाजवून झाल्यावर त्याच्या तारा कोरड्या कापडाने पुसा. त्याला ओल आलेल्या भिंतीला टेकवू नका. त्याच्यात काही बिघडले असे वाटले तर नाव वाचून निकाल देऊ नका, जाणत्या माणसाकडून उघडून बघा. आणि कधी ओठांना मुंग्या आल्या, तर कुणाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. त्याच क्षणी वाजवणे थांबवा आणि मोठ्याने सांगा.